एका बाजूचं दुखणं

मी पायाळू आहे. आईच्या पोटातून येताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले, आणि त्या उलट्या येण्यावरून आमच्या मुरबे गावात माझी जी ओळख झाली ती पुढे कशानेच पुसली गेली नाही. कुणाच्या कमरेत उसण भरली, पाठीत चमक आली, की ते माणूस सकाळी तोंडही न धुता वाकडंतिकडं चालत यायचं आणि आमच्या ओट्यावर पालथं पडायचं. आय मला हलवून उठवायची, "ऊठ गो नमू, माणूस आलाय." मी डोळे चोळत जायची, दुखत्या जागेवर डाव्या पायाचा तळवा तीनदा टेकवायची आणि परत येऊन गोधडीत शिरायची. या कामाचे नियम होते. उपाशीपोटी करायचं, कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि पाय ठेवताना पायाळूनं चकार शब्द काढायचा नाही. दुखणं जुनं असेल तर सलग एकवीस दिवस. पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी गावातल्या निम्म्या पाठी तुडवल्या असतील. जाळी ओढून आणि बर्फाच्या लाद्या उचलून त्या पाठी फळीसारख्या झालेल्या असत. गुण यायचा का म्हणाल, तर माणसं उठून कामाला जायची, एवढं मी पाहिलं आहे. विजा चमकायला लागल्या की मात्र आय मला आत ओढून दार लावून घ्यायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात.

आमचं घर एक आणि चुली दोन. पुढचा भाग आमचा, मागचा काकाचा, मधल्या पडवीत दोन्ही घरांच्या टोपल्या. समोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असत आणि त्यांचा वास आमच्या वह्यांनाही यायचा. पहाटे खाडीकडून होड्यांच्या इंजिनांची टकटक, मग काकीचा खोकला, मग आयचं पुटपुटणं, कारण तिला पहिल्या एसटीनं बोईसरच्या बाजारात टोपली घेऊन पोचायचं असे. काकाची मुलगी हेमा माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. एका बाकावर शिकलो, एकाच वर्षी बोईसरच्या कॉलेजात गेलो. दोघींचे ड्रेस एकाच ताग्यातून शिवले जात आणि ते तिला जास्त शोभत. दोन्ही चुलींवर कालवण झालं की माशाचं डोकं हेमाच्या ताटात जायचं, कारण तिला आवडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही आवडायचं. मी कधी बोलले नाही, मनात ठेवलं. आता पन्नाशी उलटल्यावर ते लिहायला बसले आहे, म्हणजे किती ठेवलं असेल बघा.

कॉलेजातल्या खेळाच्या मॅडमना वजन उचलायच्या स्पर्धेसाठी मुली हव्या होत्या. समुद्राकाठच्या पोरी टोपल्या वाहतात, त्यांची मान-पाठ तयार असते, असा त्यांचा हिशेब. त्यांनी मला निवडलं. फक्त मला, हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं विसरलं गेलं तरी पहिली मी होते. सराव बोईसर स्टेशनजवळच्या एका जिममध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये. तिथला मास्टर उत्तरेकडचा, तारापूरच्या कापड रंगवायच्या कारखान्यात पाळीवर कामाला. दर आठवड्याला त्याच्या नखांचा रंग बदलायचा, कधी गुलाबी, कधी मोरपंखी. बोलायचा हिंदीत, रागावला की त्याच्या गावच्या बोलीत. आयनं एकच अट घातली, एकटी जायचं नाही, हेमाला बरोबर ने. तर मी हेमाला बरोबर नेलं. माझ्या हातानं नेलं. ती कोपऱ्यात गोणपाटावर बसायची, माझी पिशवी मांडीवर घेऊन, खारे चणे खात, आणि मी थकले की एक दाणा माझ्या तोंडात टाकायची.

तीन महिने ती नुसती बसली. एक दिवस मास्टर गमतीत म्हणाला, चणेवाली, तू पण हात लावून बघ. तिनं ओढणी कमरेला खोचली, चण्यांचे हात ड्रेसला पुसले आणि जमिनीवरचा बार असा उचलला की जणू बाजारातून येताना टोपली डोक्यावर घेते आहे. ते माझं वजन होतं. ते उचलायला मला तीन महिने लागले होते. मास्टरनं दोन्ही बाजूंना एकेक प्लेट वाढवली. तिनं तेही उचललं आणि हसत माझ्याकडे बघितलं, शाब्बासकीसाठी. मी शाब्बास म्हणाले. हेवा हा शब्द फार सोवळा वाटतो मला. माझ्या पोटात दुखायला लागलं, अगदी खरोखर, बेंबीच्या वर. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून गाणं गुणगुणत होती आणि मी तिच्या मनगटांकडे बघत होते. माझ्यापेक्षा बारीक मनगटं.

पुढच्या वर्षभरात माझं अंग जे जे दुखलं त्याची यादी केली तर एक वही भरेल. तळहातांवर घट्टे आले, मग ते सोलले, मग मिठाच्या पाण्यात कोळंबी सोलताना मी रडले. नडगीवर बार घासून कातडं निघालं. खांद्यात असा ठणका बसला की आठवडाभर वेणी काकीनं घातली. मांड्या भरून यायच्या आणि मोरीत बसताना भिंत धरावी लागायची. आय रोज काहीतरी करायची. आंबेहळद उगाळून लावायची, मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची, ताप नसताना मुडदुशा माशाचं कालवण घालायची, जसं बाळंतिणीला घालतात. आणि हेमा? तिला दुखायचंच नाही. पडवीत माझ्या शेजारी झोपायची आणि डोळा लागायच्या आधी सांगायची, आज मजा आली. मजा. मी कूस बदलायलाही हातांचा टेकू घेत असायची. आता मी स्वतः बायकांना व्यायाम शिकवते, आणि दरवर्षी अशी एक मुलगी येते जिला उपजतच येतं. मी तिला जरा जास्तच बोलते. नंतर वाईट वाटतं, पण बोलते.

आम्ही दोघी एकाच वजनगटात होतो. म्हणजे पालघरच्या निवड चाचणीतून पुढे राज्याच्या स्पर्धेला जाणार ती एकच. हे कळल्यावर मी वजन वाढवून वरच्या गटात जायचा घाट घातला, चार भाकऱ्या खाल्ल्या, उकडलेली अंडी खाल्ली, आणि मला अजीर्ण झालं. मग ठरवलं की जोर वाढवायचा. मास्टरनं सांगितलेल्यापेक्षा जास्त प्लेटा लावल्या, तो पाळीला गेला असताना. तिसऱ्या दिवशी कमरेत उजव्या बाजूला काहीतरी सटकलं. गावाच्या पाठी बऱ्या करणारी मी, माझ्याच कमरेत उसण. माझा तळवा काही माझ्या पाठीला लागेना. ओट्यावर पालथी पडून मी पाय मागे वळवून बघितला, तर हेमा हसून हसून बेजार झाली, आणि मग तीच तेलाची वाटी घेऊन बसली. तिचे हात फार हलके होते. तिचा राग करायलाही ती जागा ठेवत नव्हती.

मास्टरला सांगावं लागलं. तो रागावला नाही. मला बाकावर पालथं झोपवून एकेक पाय उचलून बघितला, कुठं दुखतं, कुठपर्यंत जातं, विचारत राहिला. मग त्यानं जे सांगितलं ते मी आजतागायत माझ्याकडच्या बायकांना सांगते, त्याच्याच शब्दांत. "दोनों तरफ दुखे तो मेहनत है, एक तरफ दुखे तो चोट. और पाँव में झुनझुनी उतरे तो बार को हाथ नहीं लगाना, सीधा डॉक्टर." मला मुंग्या नव्हत्या. तरी त्यानं तीन आठवडे जमिनीवरून काही उचलू दिलं नाही. चालायचं, बारला लोंबकळायचं, गुडघे पोटाशी घेऊन पडायचं, मग रिकाम्या दांडीपासून पुन्हा सुरुवात. ते तीन आठवडे मी गोणपाटावर बसले. हेमाची पिशवी माझ्या मांडीवर. चणे मात्र मी खाल्ले नाहीत, एवढा मान राखला. ती उचलत होती आणि मी मोजत होते, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, देवा, हिला एकदा तरी दुखू दे.

देवानं ऐकलं म्हणायचं का काय, कोण जाणे. चाचणीला चार दिवस राहिले होते. मी पुन्हा उचलायला लागले होते, पण हेमाच्या दोन प्लेटा मागे. सकाळी मी चुलीपुढे दात घासत होते तेव्हा ती मागच्या दारानं आली, एका हातानं भिंत धरून. म्हणाली, काल पाणी भरताना हंडा उचलला आणि कमरेत कळ आली. कुणाला बोलली नाही. काकीला कळलं तर चाचणीला जाऊ देणार नाही, मास्टरला कळलं तर बारच हातात देणार नाही. मग पदराआड बोलावं तसं हळू म्हणाली, "नमू, पाय ठेव ना."

ती ओट्यावर पालथी झाली. कुठं, म्हणून मी बोटानं विचारलं. तिनं हात मागे नेऊन दाखवलं. डावीकडे, फक्त डावीकडे. मग तो हात कुल्ल्यावरून खाली मांडीपर्यंत नेला आणि म्हणाली, इथून पोटरीपर्यंत मुंग्या येतात, रात्रभर पाय बधिर होता. मला सगळं समजलं. मास्टरचं वाक्य शब्दन् शब्द माझ्या कानात होतं. मी तोंड उघडून एवढंच म्हणायला हवं होतं की हेमा, ही उसण नाही, डॉक्टरकडे चल. पण पायाळूनं बोलायचं नसतं. लहानपणापासून पाळलेला तो नियम त्या सकाळी मला इतका सोयीचा पडला की मी त्याच्या मागे जाऊन बसले. डावा पाय उचलला, टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. तिची पाठ गरम होती. ती उठून बसली, कंबर इकडून तिकडे हलवून बघितली, आणि तिचा चेहरा उजळला. बरं वाटतंय, म्हणाली. बरं वाटणारच, तिला वाटून घ्यायचं होतं. आता पाय खाली होता, काम संपलं होतं, आता मला बोलायला कुणाची बंदी नव्हती. तिनं विचारलं, "उचलू ना मंग?"

"उचल," मी म्हणाले.

चाचणी पालघरच्या एका शाळेच्या सभागृहात होती. मास्टरला पाळी सोडता आली नाही, म्हणून मॅडम आणि आम्ही दोघीच. तीन प्रकार असतात, बार खांद्यावर घेऊन बसून उठणं, पाठीवर पडून छातीवरून ढकलणं, आणि शेवटी जमिनीवरून उचलणं. प्रत्येकात तीन संधी मिळतात, त्यात निदान एकदा जमलं पाहिजे, नाहीतर नाव कटतं. पहिल्या प्रकारात हेमानं तिच्या मानानं हलकं वजन मागितलं आणि उठताना ओठ चावला. दुसऱ्यात ती माझ्या पुढे गेली. मी खुर्चीवर बसून तिच्या डाव्या पायाकडे बघत होते, तो ती टेकवत नव्हती. अजून वेळ होता. उठून मॅडमच्या कानात एक वाक्य सांगायचं होतं. मी कमरेचा पट्टा सैल केला, परत आवळला, पाणी प्यायले. मग तिचं नाव पुकारलं. तिनं बार धरला, पाठ सरळ केली, आणि तो गुडघ्यापर्यंत आला. तिथं थांबला. तिनं तो टाकला नाही, नीट खाली ठेवला, मास्टरनं शिकवल्यासारखा. आणि मग तिला सरळ होता येईना. तशीच वाकलेली राहिली, बारवर हात ठेवून, जसं कुणी जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधतंय. पुढच्या दोन संधी तिला घेताच आल्या नाहीत. माझं नाव लागलं. मॅडमनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मला, कबूल करते, आनंद झाला. पुरतं अर्धं मिनिट झाला, आणि त्यानंतर आजवर त्या अर्ध्या मिनिटाची मला लाज वाटते.

डॉक्टरनं तिला लाकडी फळीवर झोपवलं, गोळ्या दिल्या, पट्टा दिला, आणि सांगितलं की मणक्यातली शीर दाबली आहे, त्या दुखण्यावर आणखी वजन उचललं म्हणून एवढं वाढलं. काकीनं ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे आली. डॉक्टरचं डॉक्टरपाशी, पण घरात पायाळू असताना पोरगी अशी पडून राहायची का. एकवीस दिवस नेमानं पाय ठेव, म्हणाली. चाचणीआधी मी पाय ठेवला होता हे तिला हेमाकडून कळलं होतं. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुजा पाय लागलेला म्हणून एवड्यावर निभावलं गो. नायतर पोरगी कायमची गेली असती." आय शेजारी उभी होती, तिनंही मान डोलावली. मला वाटलं ओट्याखाली शिरावं.

तर रोज सकाळी मी तोंड न धुता मागच्या घरात जायची, आणि जी पाठ मी जाऊ दिली तिच्यावर तीनदा पाय ठेवायची. अलगद, टेकवला न टेकवल्यासारखा, कारण तिथं दाब द्यायचा नाही एवढं मला कळत होतं. संध्याकाळी बोईसरला जाऊन तिच्या प्लेटा उचलायची. मास्टर माझ्याशी कामापुरतं बोलायचा. त्यानं एकदाच विचारलं, तिला मुंग्या येत होत्या, तुला माहीत नव्हतं? मी नाही म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याच्या निळ्या नखांकडे. घरात माशाचं डोकं अजून हेमाच्याच ताटात जात होतं, आता तर आयच नेऊन द्यायची, मांडीवर डोकं घेऊन भरवायची. आणि मी, इतकं होऊनसुद्धा, दारातून ते बघून जळायची. माणसाला लाज आणि हेवा एकाच वेळी वाटू शकतात, एकानं दुसरा कमी होत नाही. हेमा पुढे सात-आठ महिन्यांनी बरी झाली. लग्न करून वैतरण्याला गेली, तिथं तिचं मासळीचं दुकान आहे, उंच स्टुलावर बसून विकते. पण बारला तिनं परत हात लावला नाही.

राज्याच्या स्पर्धेला जायला दोन दिवस होते त्या सकाळची गोष्ट. सोळावा दिवस चालला होता. हेमा फळीवर पालथी, गाल हातावर. मी पाय उचलला आणि तो मला ठेवता येईना. मी खाली बसले आणि बोलले. सगळं. की मला ठाऊक होतं ती उसण नव्हती. मास्टरचं वाक्य सांगितलं. मुंग्या ऐकूनच मला समजलं होतं, आणि तू पडावीस म्हणून मी उचल म्हणाले. एकदम बोलले, श्वास न घेता, तिच्या पाठीकडे बघत. मला वाटलं ती ओरडेल, काकीला हाक मारेल. मी तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं.

ती तोंड न वळवता म्हणाली, "मना काय कळत नव्हतं? पाय बधिर झालेला माजाच ना? आई नको बोलली असती, मास्टर नको बोलला असता, काकी पण नको बोलली असती. पण मना जायाचं होतं. उचल बोलणारी घरात तू एकटीच होतीस. म्हणून तर तुज्याकडं आली."

तिच्या तोंडी काकी म्हणजे माझी आय. मी विचारलं, तुला माहीत होतं मी का म्हणणार ते? ती म्हणाली, तू माझ्यावर जळतेस ते तू गोणपाटावर बसायचीस तेव्हापासून माहीत आहे. अगदी साधं सांगितलं, जेवायला काय आहे ते सांगावं तसं. आवाजात राग नव्हता. मला तर तो शोधूनही सापडला नाही. जवळजवळ तीन आठवडे जे मी उराशी घेऊन हिंडत होते, ज्याच्या वजनाखाली मला झोप नव्हती, ते एवढं मोठं पाप तरी माझं एकटीचं असेल असं मी धरून चालले होते. ते सुद्धा तिचंच निघालं. तिनं ठरवलं होतं, तिनं मला वापरलं होतं, आणि पडली तीही तिच्या मर्जीनं. त्या फळीवर पालथ्या पडलेल्या, स्वतःहून कूससुद्धा बदलू न शकणाऱ्या मुलीचा मला त्या क्षणी जितका हेवा वाटला तितका ती सगळ्यात जास्त वजन उचलत होती तेव्हाही वाटला नव्हता.

मी डोळे पुसून उठले आणि पाय उचलला. हेमानं हात मागे करून माझा घोटा धरला.

"बोललीस ना आज? नेम मोडला," ती म्हणाली. "सोळा दिवस फुकट गेले. तू स्पर्धेला जाऊन ये. आलीस का पयल्यापासून एकवीस."

मी स्पर्धेला गेले आणि शेवटून दुसरी आले. परत आले त्या दिवशी पहिली एसटी धरून उजाडता उजाडता घरी पोचले, पिशवी पडवीत टाकली आणि तोंड न धुता मागच्या दारानं आत शिरले. हेमा आधीच पालथी होऊन वाट बघत होती. मी एक शब्द न बोलता पाय ठेवला.